बाळंतपण आणि तान्ह्या बाळाची पुस्तकं: घेण्याआधी कोणती पानं उघडून बघायची

घरात गोड बातमी कळली की पुस्तकं यायला लागतात. एखादं मैत्रीण देते, एखादं ओटीभरणाला येतं, एखादं नवरा ऑनलाइन मागवतो, आणि चार-पाच पीडीएफ व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. सातवा लागेपर्यंत उशाशी ढीग झालेला असतो. पण बाळ घरी आल्यावर रात्री दोन वाजता ते दूध ओढेनासं होतं, तेव्हा त्या ढिगातलं नेमकं कोणतं पुस्तक उघडायचं हे घरात कुणालाच माहीत नसतं.

माझी दोन बाळंतपणं झाली. त्यानंतर धाकट्या बहिणीसाठी, नणंदेसाठी आणि ओळखीतल्या बऱ्याच जणींसाठी मी अशी पुस्तकं निवडत आले आहे. या लेखात मी पुस्तकांची नावं देणार नाही. आज चांगलं असलेलं पुस्तक पाच वर्षांनी जुनं होतं, आणि तुमच्या गावच्या दुकानात तेच मिळेल याची खात्री नाही. कोणतंही पुस्तक हातात आलं की ते कसं पारखायचं, एवढं एकदा कळलं की नावांची गरज पडत नाही.

दुकानात किंवा वाचनालयात जाताना सोबत एवढं ठेवा:

- तुमची तपासणीची फाईल किंवा निदान प्रसूतीची अंदाजे तारीख
- डॉक्टरांनी खास काही सांगितलं असेल (शुगर, बीपी, थायरॉइड, जुळी, आधीचं सिझेरियन) तर त्याची चिठ्ठी
- वाचनालयाचं सभासदत्व घ्यायचं असेल तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि अनामत रक्कम
- थोडा निवांत वेळ, कारण पानं चाळल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही

## १. आधी फुकट मिळणारं कार्ड नीट वाचा

सरकारी आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत नाव नोंदवलं की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. बहुतेक घरांत ते फक्त लशींच्या शिक्क्यांसाठी फाईलमध्ये पडून असतं. ते काढा आणि पहिल्या पानापासून वाचा. गरोदरपणातल्या तपासण्या, धोक्याची लक्षणं, लसीकरणाचं वेळापत्रक, बाळाच्या वजनाचा आलेख, कोणत्या वयात बाळ काय करायला लागतं, हे सगळं त्यात चित्रांसह दिलेलं आहे. खासगी दवाखान्यात नाव घातलं असलं तरी जवळच्या उपकेंद्रात आशाताईंकडे किंवा नर्सबाईंकडे विचारा.

हे कार्ड तुमची मोजपट्टी आहे. विकतच्या पुस्तकात काही वेगळं दिसलं की कार्ड काढून ताडून बघायचं. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचंच उदाहरण घ्या. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी सांगितलेली आहे. ‘बीट आणि खजूर खाल्ले की गोळ्यांची गरज नाही’ असं एखादं पुस्तक सांगत असेल तर ते तिथेच मिटा.

## २. पोटातलं, दवाखान्यातलं आणि घरातलं: तिन्हीचं वाचन वेगळं

मराठी पुस्तकांच्या दुकानात या विषयाच्या कपाटापुढे उभं राहिलात तर एक गोष्ट लगेच जाणवेल. गर्भसंस्कार, आहार आणि बाळाची नावं यांची पुस्तकं भरपूर असतात. प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यावर काय होतं आणि पहिल्या चाळीस दिवसांत घरी काय होतं, यावरची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गरज मात्र या दुसऱ्या प्रकाराची जास्त असते.

म्हणून खर्च तसा वाटा. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत तपासणीला दर काही आठवड्यांनी डॉक्टर भेटतात, शंका विचारता येतात. बाळ घरी आल्यावर विचारायला पटकन कुणी सापडत नाही. एकच पुस्तक विकत घेणं परवडणार असेल तर तान्ह्या बाळाच्या संगोपनाचं घ्या आणि बाकीची वाचनालयातून आणा.

वाचायची वेळही ठरवून घ्या. गरोदरपणाचा भाग चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत, प्रसूतीचा सातव्यात. बाळाचा आणि स्तनपानाचा भाग आठवा संपायच्या आत वाचून झालेला हवा. ‘बाळ झाल्यावर वाचू’ असं म्हणणाऱ्या जणींना पुढे वाचायला वेळ मिळालेला मी पाहिलेला नाही. पहिल्या महिन्यात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, त्यात झोपायलाच वेळ पुरत नाही.

## ३. आवृत्तीचं पान

मुखपृष्ठ उलटलं की आत बारीक अक्षरातलं एक पान असतं. प्रकाशकाचा पत्ता, मुद्रक, किंमत आणि आवृत्त्यांच्या तारखा त्यावर असतात. बहुतेकजण ते ओलांडून थेट अनुक्रमणिकेवर जातात. तुम्ही तिथेच थांबा.

‘पहिली आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘सुधारित आवृत्ती’ हे तीन शब्द शोधा. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. पहिली आवृत्ती १९९४ ची आणि सतरावं पुनर्मुद्रण गेल्या वर्षीचं असेल, तर मुखपृष्ठ कितीही चकचकीत असलं तरी आतला सल्ला १९९४ चा आहे. ‘सुधारित’ लिहिलं असेल तर प्रस्तावनेत काय सुधारलं हे सांगितलंय का बघा. चांगले लेखक ते आवर्जून सांगतात. आयएसबीएन क्रमांक असणं ही मजकुराच्या दर्जाची खूण नाही, तो प्रकाशकाने अर्ज केला की मिळतो.

वर्षाला एवढं महत्त्व का, तर या विषयातला सल्ला खरोखर बदलतो. बेंजामिन स्पॉक या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ मध्ये आलं आणि जगभर घराघरांत पोचलं. त्याच्या नंतरच्या काही आवृत्त्यांत बाळाला पालथं झोपवायला सांगितलं होतं. झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका पालथं झोपवल्याने वाढतो हे पुढे सिद्ध झालं, आणि १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालथं झोपवू नका असा सल्ला दिला. म्हणजे अतिशय नावाजलेल्या, मनापासून लिहिलेल्या पुस्तकातही जुना सल्ला तसाच राहून गेला की तो घातक ठरू शकतो.

आपल्याकडचं उदाहरण वरच्या अन्नाचं. जुन्या पुस्तकांत चौथ्या महिन्यापासून फळाचा रस, भाताची पेज सुरू करायला सांगितलेलं सापडतं. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पूर्ण सहा महिने फक्त आईच्या दुधाचा आहे, आणि आपल्या सरकारचाही तोच आहे. तुमच्या आईने तुम्हाला चौथ्या महिन्यात पेज भरवली असेल तर तिने तेव्हाच्या सल्ल्याप्रमाणेच केलं. पुस्तक मात्र आजचं हवं.

## ४. लेखक कोण आहे

मलपृष्ठावरचा परिचय वाचा. प्रसूतीवर स्त्रीरोगतज्ज्ञाने, बाळावर बालरोगतज्ज्ञाने आणि स्तनपानावर त्या कामात मुरलेल्या डॉक्टर, नर्स किंवा स्तनपान सल्लागाराने लिहिलेलं असावं. ‘डॉ.’ एवढंच लिहिलं असेल तर पदवी कोणती आणि ती व्यक्ती रोज कोणते रुग्ण बघते हे शोधा. आयुर्वेदाच्या वैद्यांनी आहार, दिनचर्या, बाळंतिणीची काळजी यावर लिहिलेली काही पुस्तकं वाचनीय आहेत, मी स्वतः ती वाचली आहेत. पण लसीकरण, कावीळ आणि तापासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

आईने लिहिलेल्या अनुभवपर पुस्तकांनाही जागा आहे. धीर येतो, आपण एकट्या नाही हे कळतं. फक्त त्यातली औषधं आणि उपाय उचलू नका.

## ५. या जागा उघडून बघा

हा या लेखाचा गाभा आहे. पूर्ण पुस्तक वाचायची गरज नाही. अनुक्रमणिकेवरून खालचे विषय शोधा आणि तेवढीच पानं वाचा. इथे पुस्तक बरोबर असेल तर बाकीचंही बहुधा विश्वासाचं असतं.

नाळ. ‘कोरडी आणि उघडी ठेवा, काहीही लावू नका, आपोआप गळून पडेल’ असं लिहिलेलं हवं. हळद, तेल, राख, तूप यांपैकी काही लावायला सांगितलं असेल तर पुस्तक परत ठेवा. नाळेच्या तळाशी लाली, पू किंवा दुर्गंधी आली तर लगेच दाखवा, हेही त्याच पानावर असायला हवं.

पहिलं दूध. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घेऊन पाजायला सुरुवात करावी, सिझेरियन झालं असलं तरी शक्य तितक्या लवकर, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. सुरुवातीचं घट्ट पिवळसर चीक दूध पिळून टाकू नये, तेच बाळाचं पहिलं संरक्षण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात जेमतेम ४२ टक्के बाळांना पहिल्या तासात आईचं दूध मिळाल्याचं दिसलं. दवाखान्यात, नातेवाइकांच्या गर्दीत हा तास निसटतो. वाचून गेलेली आई आणि वाचून गेलेला बाप असेल तर ते स्वतःहून नर्सबाईंना सांगू शकतात.

दूध ओढण्याची पकड. इथे चित्र हवंच, नुसतं वर्णन पुरत नाही. चित्रात बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, फक्त बोंडी नव्हे तर भोवतीचा काळसर भागही तोंडात, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं दिसतं का बघा. ‘दर तीन तासांनी, प्रत्येक बाजूला दहा मिनिटं’ असा घड्याळाचा हिशेब देणारं पुस्तक जुनं आहे. बाळ मागेल तेव्हा पाजायचं असतं. दूध पुरतंय की नाही हे कशावरून ओळखायचं, याचंही उत्तर तिथेच मिळायला हवं: पहिले काही दिवस गेल्यावर चोवीस तासांत निदान सहा वेळा शू आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वजनावर परत येणं. सुरुवातीला बाळाचं वजन थोडं घटतं, हे माहीत नसल्यामुळे घाबरून वरचं दूध सुरू झालेली घरं मी पाहिली आहेत.

पाणी, गुटी, मध. सहा महिने पाणीसुद्धा नको, मे महिन्यातही नको, असं लिहिलेलं हवं. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, कारण त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराचे जंतू असू शकतात. सोनं उगाळून मधातून चाटवण्याचा विधी अनेक घरांत होतो, त्याबद्दल पुस्तक गप्प असेल तर ती उणीव समजा. जायफळ, वेखंड, बाळहिरडा उगाळून गुटी ‘पहिल्या दिवसापासून’ द्यायला सांगणारी पुस्तकं आजही मिळतात. ती घेऊ नका.

अंघोळ आणि मालिश. पहिली अंघोळ जन्मानंतर निदान २४ तासांनी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मालिश हलक्या हाताची असेल तर काही हरकत नाही. पण नाकात-कानात तेल सोडू नये, आणि नवजात बाळाची छाती कधी कधी फुगलेली दिसते ती कधीच पिळू नये, हे लिहिलेलं हवं. मालिशवाल्या मावशी ही छाती ‘दूध काढायचं’ म्हणून पिळतात, त्यातून गळू होऊ शकतं. वेखंडाची धुरी, डोळ्यांत काजळ यांबद्दलही स्पष्ट ‘नको’ हवं, कारण धुराने बाळाच्या श्वसनाला त्रास होतो आणि काजळात शिसं असू शकतं.

झोप. पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, डोक्याभोवती उशा-पांघरुणांचा ढीग न करता. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी सुचवणारं पुस्तक नको.

कावीळ. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ आणि तळहात-तळपाय पिवळे होणं, या दोन्हीसाठी ताबडतोब दवाखाना. ‘कोवळं ऊन दाखवा म्हणजे उतरेल’ एवढ्यावरच प्रकरण संपत असेल तर ते अपुरं आहे. दवाखान्यातल्या निळ्या दिव्याच्या उपचाराला ऊन पर्याय नाही.

धोक्याच्या लक्षणांचं पान. हे शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. बाळ दूध ओढत नाही, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेतं, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, अंग तापलंय किंवा थंडगार पडलंय, झटके येतात, हलवलं तरी सुस्त राहतं. ही यादी एका पानावर, ठळक, पटकन सापडेल अशी हवी. तशीच आईसाठी: गरोदरपणात रक्तस्राव, प्रचंड डोकेदुखी, डोळ्यांपुढे धूसर, चेहऱ्यावर सूज, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं. बाळंतपणानंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ताप, पोटरी सुजून दुखणं. ज्या पुस्तकात असं पानच नाही, त्याची भाषा कितीही गोड असली तरी विकत घेऊ नका.

## ६. प्रसूतीचं प्रकरण

बरीच पुस्तकं इथे दोन पानांत आटपतात: कळा येतात, बाळ होतं, अभिनंदन. तुम्हाला यापेक्षा जास्त माहिती हवी. खऱ्या आणि खोट्या कळांतला फरक, दवाखान्यात कधी निघायचं, आतली तपासणी कशासाठी, कळा वाढवायची औषधं, वेदना कमी करायचे उपाय, टाके, वार पडणं, हे सगळं क्रमाने यायला हवं.

एक ताजी खूण सांगते. गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटिमीटर या वेगाने उघडलंच पाहिजे, असं जुन्या पुस्तकांत असतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा असं सांगितलं. त्याच वेळी तासाला एक सेंटिमीटरचा नियम सगळ्यांना सरसकट लावू नये असंही म्हटलं. त्याच सल्ल्यात आईच्या पसंतीची सोबत, कळांच्या वेळी हिंडायची-फिरायची मोकळीक, आणि एनिमा किंवा केस काढणं सरसकट न करणं हेही आहे. हे मुद्दे पुस्तकात असतील तर लेखकाने अलीकडचं वाचलेलं आहे.

सिझेरियनला स्वतंत्र प्रकरण हवंच. वर सांगितलेल्या पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांमध्ये ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचं नोंदलं आहे. म्हणजे खासगीत नाव घातलेल्या जवळजवळ निम्म्या जणींना ते प्रकरण लागणार. पाठीत भूल कशी देतात, शुद्धीवर असतो का, टाक्यांची काळजी, झोपून कसं पाजायचं, पुढच्या वेळी नॉर्मल होऊ शकतं का, हे प्रश्न तिथे आलेले हवेत. सिझेरियन झालं म्हणजे आई कुठेतरी कमी पडली, असा सूर लावणारं पुस्तक बाळंतिणीच्या उशाशी ठेवू नका. तिला त्याचा फार त्रास होतो.

## ७. बाळंतिणीच्या मनाचं प्रकरण आहे का

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शतावरी, बाळंतशेप यांवर पानंच्या पानं असतात. ते सगळं चांगलंच आहे, पोटभर आणि चौरस खाणं मिळालंच पाहिजे. ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावं’ एवढा सल्ला मात्र खोडून टाका, पाजणाऱ्या आईला तहान लागेल तसं पाणी लागतंच.

पण तिच्या मनाचं काय? तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाचच रडू येणं बहुतेक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ते ओसरलं नाही, बाळाकडे बघावंसं वाटेना, झोप मिळूनही लागेना, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार आले, तर ते आजारपण आहे आणि त्याला उपचार आहेत. पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. हे ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची ‘एडिंबरा’ प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरात आहे. चांगल्या पुस्तकात तिचा उल्लेख किंवा निदान तसे प्रश्न असतात. ‘आई झाल्याच्या आनंदात सगळं विसरायला होतं’ असं लिहिणाऱ्या पुस्तकाने अशा आईला आणखी एकटं पाडलेलं असतं.

## ८. हमखास सापळे

मुलगाच होण्याचे उपाय. तिथी, आहार, डावी-उजवी कूस, अमुक औषध. असं एकही पान दिसलं तर पूर्ण पुस्तक नाकारा. बाळाचं लिंग पुरुषबीजातल्या गुणसूत्रावर ठरतं, खाण्यावर नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात २००३ मध्ये बदल होऊन गर्भधारणेपूर्वी लिंग निवडणंही बेकायदा ठरलं. जो लेखक इतकी साधी गोष्ट चुकीची सांगतो त्याच्या तापाच्या डोसवर विश्वास कसा ठेवायचा?

कंपनीची पुस्तिका. गुळगुळीत कागद, गोंडस बाळं, फुकट. शेवटच्या पानावर कोणाचं बोधचिन्ह आहे ते बघा. बाळाच्या दुधाचे डबे आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरी ‘दूध कमी पडलं तर...’ अशा वाक्यांतून शंकेचं बी पेरलं जातं. डायपर आणि बेबी पावडर कंपन्यांच्या पुस्तिकांनाही हाच चष्मा लावा.

हमी. ‘अमुक श्लोक ऐकवल्याने बुद्धिमान बाळ’, ‘वेदनारहित नॉर्मल डिलिव्हरीची खात्री’. शांत संगीत ऐका, स्तोत्र म्हणा, पोटातल्या बाळाशी बोला, त्याने आईला बरं वाटतं आणि तेवढं कारण पुरेसं आहे. हमी कुणीच देऊ शकत नाही. ती वाचून बसलेल्या आईला पुढे काही वेगळं झालं तर स्वतःचाच दोष वाटत राहतो.

जुनं लसीकरण. पुस्तकात पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोनियाची पीसीव्ही आणि गोवर-रुबेला ही नावं नसतील, फक्त ‘ट्रिपल, पोलिओ, गोवर’ असेल, तर ते कालबाह्य आहे. पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस नवव्या महिन्यात जानेवारी २०२३ पासून आला. त्यामुळे चांगल्या पुस्तकातही ते नसू शकतं. लशींसाठी कार्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेच धरून चाला.

## ९. इंग्रजी आणि परदेशी पुस्तकं

छपाई सुंदर, चित्रं स्पष्ट, प्रसूतीची माहिती सविस्तर. घ्या, पण त्यात काय उपयोगी आणि काय नाही हे आधी ठरवा. प्रसूतीचे टप्पे, पकड, बाळाची वाढ हे सगळीकडे सारखं. लसीकरण, विमा, फोन नंबर, घरी येणारी सरकारी नर्स हे त्या त्या देशाचं. अमेरिकेत बीसीजी सगळ्या बाळांना देत नाहीत, आपल्याकडे जन्मतः देतात. ताप फॅरनहाइटमध्ये आणि दूध औंसात मोजलेलं असतं. आपल्याकडे रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि गरोदर माता व बाळाला मोफत ने-आण करण्यासाठी १०२ हे क्रमांक आहेत, ते अशा पुस्तकाच्या पहिल्या पानावर स्वतः लिहून ठेवा.

परदेशात असाल तर उलट करा. तिथल्या दवाखान्याने दिलेली पुस्तिका आधी, आणि एक चांगलं मराठी पुस्तक बाळंतपणासाठी तिकडे येणाऱ्या आईसाठी किंवा सासूबाईंसाठी. पाठीवर झोपवणं, गाडीत बाळाची वेगळी सीट, मध न देणं, या गोष्टी आपण तोंडी सांगितल्या तर वाद होतो. त्यांनी स्वतः मराठीत वाचल्या तर होत नाही.

## १०. कुठून घ्यायचं

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत दादरला उभं राहून पानं चाळू देणारी दुकानं आहेत. शक्य असेल तर तिथेच घ्या. ऑनलाइन मागवायचं असेल तर विक्रेत्याला आवृत्तीच्या पानाचा फोटो मागा. जाहिरातीत लिहिलेलं वर्ष बरेचदा छपाईचं असतं.

वाचनालयांना विसरू नका. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यामुळे तालुक्याच्या गावीही सार्वजनिक ग्रंथालय असतं आणि वर्गणी अगदी थोडी. तिथली आरोग्यविभागातली पुस्तकं मात्र बरीच जुनी असतात, तेव्हा तिसरी पायरी तिथे दुप्पट काळजीने वापरा. ग्रंथपालांना नवीन आवृत्ती मागवायची विनंती केली तर ते सहसा मागवतात, मी दोनदा मागवून घेतली आहे. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून कादंबऱ्या खुशाल घ्या, या विषयाची पुस्तकं नकोत. आणि व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफला ना लेखक असतो ना वर्ष, त्या वाचल्याशिवाय पुसून टाका.

## ११. पुस्तक घरात आल्यावर

बाळंतपणानंतरचे सगळे निर्णय एकटी आई घेत नाही. आजी असते, मावशी असते, मालिशवाल्या बाई असतात. म्हणून नाळ, पहिलं दूध, गुटी आणि अंघोळ ही पानं आठव्या महिन्यातच आजीला मोठ्याने वाचून दाखवा. ‘आमच्या वेळी’ हे वाक्य येणारच, ते पूर्ण ऐकून घ्या. बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालायचं कसब, ढेकर काढायची हातोटी तिच्याकडूनच शिकायची असते, कोणत्याच पुस्तकात ती नीट सांगता येत नाही. तिचा मान राहिला की ती मधाची बाटलीही आपणहून बाजूला ठेवते, हा माझा अनुभव आहे.

बाळाच्या बापाने धोक्याच्या लक्षणांचं पान आणि पाजण्याच्या पकडीचं चित्र, एवढं तरी स्वतः वाचावं. त्या दोन पानांचे फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा, धोक्याच्या यादीची झेरॉक्स कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. शंका पेन्सिलने समासात लिहा आणि पुढच्या तपासणीला पुस्तकच घेऊन जा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्याच ओळीशेजारी ते लिहून ठेवा, कारण त्यांनी तुमचे रिपोर्ट पाहिलेले असतात.

बाळ मोठं झाल्यावर पुस्तक कुणाला द्यायचं असेल तर आधी पहिल्या पानावर तुम्ही ते कोणत्या साली वापरलंत ते लिहा आणि लसीकरणाच्या पानावर ‘नवीन कार्ड पाहा’ अशी चिठ्ठी चिकटवा. सात-आठ वर्षं होऊन गेली असतील तर देऊच नका, तिला बाळंतविड्यात नवीन आवृत्ती घेऊन द्या.